वावर

काडेपेटीत कापूस, कापसात तो.
उंची सहा मिलिमीटर.
तीनदा मोजली, कारण कॅलिपरचा जबडा सैल आहे
आणि प्राचार्यांना शुक्रवारपर्यंत यादी हवी आहे:
म्युझियममधलं काय ठेवायचं, काय बाद.

वेढे पाच. शेवटचा एकटाच बाकी चारांएवढा.
टोक झिजलेलं. मुख उजवीकडे. झाकण हरवलेलं.
रंग:
इथे मी अडते. जुन्या वहीत लिहिलंय "तपकिरी पट्टे",
माझ्यासमोर आहे ती गार चहावरची साय.
आत कोणी नाही,
हे वेगळं लिहायची पद्धत नाही.

थोडा थोडा चुना, मागच्या वेढ्याला टेकून पुढचा,
असं त्यानं आपलं हाड बाहेर बांधलं
आणि जन्मभर आत मऊ राहिला.
हेही यादीत बसत नाही.

चिठ्ठीवरचं नाव कसरीनं खाल्लं.
उरलंय एवढंच:
"वावर – मालवण ते कारवार. ओहोटीला उघडे पडणारे खडक."

काच पुसता पुसता गांगुर्डेमामा वाचतात.
"म्याडम, एवढ्याशा जिवाला एवढं वावर?"
मी हसते. सांगते, वावर म्हणजे शेत नाही हो मामा,
म्हणजे तो कुठून कुठपर्यंत सापडतो, हिंडतो, जगतो.
मामा फडकं पिळतात.
"मंग तेच की."

नकाशा काढून दाखवते.
मालवणला एक टिंब, कारवारला एक,
मध्ये कुणीतरी पेन्सिलीनं ओढलेली रेघ.
रेघेवर त्याला कुणी पाहिलेलं नाही.
दोन टिंबांमधलं सगळं त्याचंच,
असं धरून चालतात.
"सातबारा नसतानी?" मामा विचारतात.

मामांचं वावर सिन्नरच्या पुढे होतं.
विहिरीपासून बांधावरच्या बोरीपर्यंत.
त्यावरून आता समृद्धी जाते.
पैसे चोख मिळाले. आडगावात घर झालं, वर स्लॅब.
तक्रार अशी नाही.
फक्त एकदा पोराच्या गाडीतून तिथून गेले,
ताशी एकशेवीसनं,
बोर कुठं होती ते बघायला मान वळवली तोवर
"पावणेदोन एकर, म्याडम.
चार सेकंद."

समुद्र मामांनी पाहिलेला नाही.
मीही पाहिला तो सहलीत, बसच्या खिडकीतून, उलटी आवरत.
आमच्याकडे नदी आहे, तीसुद्धा अशी:
घाट उतरली असती तर दुसऱ्या दिवशी समुद्रात असती,
पण त्र्यंबकहून निघाली ती पाठ फिरवून,
सगळा दख्खन पायाखाली घालत
भलत्याच समुद्राला जाऊन मिळाली.
तिला कुणी विचारलं नाही वावर किती म्हणून.

मामांनी तो चिमटीत धरला, कानाशी नेला.
कानातल्या मळाएवढा शंख.
डोळे मिटून उभे राहिले.
"येतंय," म्हणाले.
मग जरा वेळानं,
"पंखा असंल."

शुक्रवारी यादी परत आली, लाल पेनानं.
फॉर्मॅलिनमधला साप: ठेवा.
मोराचं अंडं, तडकलेलं: ठेवा.
खण दुसरा, काडेपेटी: नाव नाही, साल नाही. बाद.

बादचं खोकं सोमवारी भंगारात जायचं होतं.
त्याआधी मी एकदा चाळलं.
फुटक्या परीक्षानळ्या, प्रवाळाचा भुगा,
एक दात, कुणाचा ते माहीत नाही.
काडेपेटी नव्हती.

मामांना विचारलं नाही.
ते खिडकीशी उभं राहून काच पुसत होते,
पुसलेलीच काच, पुन्हा,
आणि शर्टाचा वरचा खिसा
विड्यांच्या बंडलाहून जरा जास्त फुगला होता.

माझी नेमणूक मार्चपर्यंत आहे, तासावर.
नकाशा गुंडाळण्याआधी
मी आडगावला एक टिंब दिलं.
बारीक. सहा मिलिमीटरला शोभेल असं.

रेघ मात्र ओढली नाही.
मध्ये घाट आहे.